दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर छेदाच्या जागी उद्भवलेला कर्करोग : एक प्रकरण अभ्यास

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, रुग्ण दोन दिवसांत घरी जातो, टाके निघतात, आणि काही महिन्यांनी त्या चार छोट्या छेदांपैकी एकाखाली कठीण गाठ हाताला लागते. सुई घालून तपासल्यावर तिच्यात कर्करोगाच्या पेशी सापडतात. हे क्वचित घडते; पण घडते तेव्हा नातेवाईक, आणि पुष्कळदा डॉक्टरही, रोग त्या भोकातून पसरला असे म्हणून मोकळे होतात. हा निष्कर्ष पूर्ण चुकीचा नाही, पण त्यामुळे लक्ष चुकीच्या जागी जाते, असे माझे मत आहे आणि पुढील प्रकरण त्याच दृष्टीने मांडले आहे. रुग्णाची हकीगत एका व्यक्तीची नसून अशा रुग्णांच्या वाटचालीत वारंवार आढळणारे टप्पे एकत्र करून ती प्रातिनिधिक स्वरूपात लिहिली आहे. चर्चेतील अभ्यास व आकडे प्रसिद्ध संशोधनातले आहेत.

रुग्ण आणि सुरुवातीच्या तपासण्या

रुग्ण ५४ वर्षांची स्त्री. जन्म आणि बालपण बिहारमधील गंगेकाठच्या जिल्ह्यात गेले. लग्नानंतर काही वर्षांनी कुटुंब भिवंडीला आले आणि तिथेच स्थिरावले. पती यंत्रमागावर कामाला. मधुमेह किंवा रक्तदाब नाही. सुमारे आठ महिने जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असे, कधी कळ उजव्या खांद्यापर्यंत जाई, तळलेले खाल्ले की त्रास हमखास वाढे. जवळच्या दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या घेऊन दिवस काढले गेले. वजन तीन-चार किलो उतरले होते, पण तेलकट खाणे बंद केल्याचा तो परिणाम असावा असे सर्वांनीच धरून चालले.

अखेर सोनोग्राफी झाली. पित्ताशयात अनेक खडे होते आणि त्यांतला सर्वांत मोठा तीन सेंटिमीटरहून थोडा अधिक होता. पित्ताशयाची भिंत सहा मिलिमीटर जाड दिसली; सामान्यतः ती तीन मिलिमीटरपर्यंत असते. अहवालाच्या वर्णनात एक छोटे वाक्य होते की ही जाडी तळाकडच्या भागात जास्त असून सर्वत्र सारखी नाही. निष्कर्षात मात्र 'खडे आणि पित्ताशयाचा जुनाट दाह' एवढेच लिहिलेले होते. यकृताच्या तपासण्या सामान्य आल्या, कावीळ नव्हती, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

या कागदावर तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि त्या एकत्र वाचल्या गेल्या नाहीत. पहिली म्हणजे जन्मस्थान. पित्ताशयाचा कर्करोग जगभर सारखा वाटलेला नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली आणि बोलिव्हिया, तसेच आपल्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, आसाम या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पट्ट्यात तो ठळकपणे अधिक आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे इथल्या सर्जनच्या मनात खडे म्हणजे खडेच असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भारतीय रुग्णांच्या जनुकीय अभ्यासातून एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ या जनुकांच्या परिसरातील काही बदलांचा या कर्करोगाशी संबंध असल्याचे दाखवले होते. ही जनुके पित्तातील घटकांच्या वाहतुकीशी निगडित आहेत. माणूस भिवंडीला आला म्हणून त्याची जनुके आणि त्याच्या आयुष्याची पहिली वीस वर्षे मागे राहत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे खड्याचा आकार : तीन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसोबत कर्करोगाची शक्यता लहान खड्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त असते, हे १९८०च्या दशकापासून माहीत आहे. तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी, म्हणजे भिंतीची असमान जाडी. जुनाट दाहाने भिंत साधारणपणे सगळीकडे जाड होते. एकाच बाजूला जाडी असेल तर तिथे काय आहे हे पाहण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन करणे योग्य ठरले असते.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने चार छेदांतून झाली. बेंबीजवळ आणि छातीच्या हाडाखाली दहा मिलिमीटरचे दोन, उजव्या बाजूला पाच मिलिमीटरचे दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून १२ ते १४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवला. पित्ताशयाभोवती वपा, म्हणजे आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा, घट्ट चिकटलेली होती. यकृताच्या तळापासून पित्ताशय सोडवताना त्याची भिंत फाटली, पित्त सांडले, काही छोटे खडे बाहेर आले. पित्त शोषून घेतले, खडे वेचले आणि सलाइनने पोट धुऊन काढले. पित्ताशय फाटणे ही काही विरळा दुर्घटना नव्हे. वेगवेगळ्या नोंदींत त्याचे प्रमाण साधारण १० ते ४० टक्क्यांपर्यंत दिलेले आढळते आणि खड्यांच्या साध्या रुग्णाला त्याचा बहुधा काहीच त्रास होत नाही.

त्यानंतर पित्ताशय छातीच्या हाडाखालच्या छेदातून थेट ओढून काढण्यात आले. मोठा खडा अडकला म्हणून छेद थोडा ताणावा लागला आणि फाटलेल्या पित्ताशयाची ओली, पित्ताने माखलेली कडा पोटाच्या भिंतीच्या सर्व थरांना घासत बाहेर आली. पिशवी वापरली गेली नाही. तयार पिशवी महाग पडते हे खरे असले, तरी निर्जंतुक रबरी हातमोज्यापासून तिथल्या तिथे पिशवी बनवून तीतून पित्ताशय काढण्याची पद्धत आपल्याकडच्या अनेक शस्त्रक्रियागृहांत रुळलेली आहे आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

बाहेर आल्यावर पित्ताशय टेबलावर उघडून पाहिले गेले नाही. खडे धुऊन प्लॅस्टिकच्या डबीत घालून नातेवाइकांना दाखवण्यात आले. हा रिवाज इतका पक्का आहे की डबी मिळाली नाही तर नातेवाईक ती मागून घेतात. पित्ताशय फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून एका अर्जासह मुलाच्या हाती दिले आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायला सांगितले. ते त्याने त्याच दिवशी पोचवले, ही या प्रकरणातली एक चांगली गोष्ट. अनेक ठिकाणी ही बाटली घरीच पडून राहते किंवा मुळात भरलीच जात नाही. पित्ताशय न उघडता, आत पित्त ठेवून फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर पित्तामुळे आतले अस्तर सडते आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमका तोच भाग वाचता येत नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

अहवाल आणि मधले पाच महिने

दहाव्या दिवशी टाके निघाले. जखमा स्वच्छ होत्या, दुखणे थांबले होते, रुग्ण समाधानी होत्या. प्रयोगशाळेचा अहवाल आदल्याच दिवशी तयार झाला होता : मध्यम दर्जाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीपेशींतून उगवणारा कर्करोग, स्नायूचा थर ओलांडून त्याबाहेरच्या संयोजी ऊतीपर्यंत पोचलेला, म्हणजे टी-२ अवस्था. गाठ यकृताकडच्या बाजूला होती की पोटाच्या पोकळीकडच्या, याचा उल्लेख नव्हता. पित्ताशयनलिकेच्या कापलेल्या टोकाबद्दलही काही लिहिले नव्हते. अहवाल प्रयोगशाळेच्या खिडकीवर पडून राहिला. सर्जनला वाटले नातेवाईक तो घेऊन येतील. नातेवाइकांना वाटले काही असेल तर डॉक्टर सांगतील. प्रयोगशाळेला वाटले अहवाल तयार केला की आपले काम झाले.

पाचव्या महिन्यात छातीच्या हाडाखालच्या व्रणात वाटाण्याएवढी कठीण गाठ लागली. दुखत नव्हती. आत राहिलेल्या टाक्याची गाठ असेल असे समजून प्रतिजैविके देण्यात आली, मग आणखी एकदा देण्यात आली. सातव्या महिन्यात ती तीन-साडेतीन सेंटिमीटरची झाली, वरची त्वचा लालसर आणि ताणलेली दिसू लागली, खालच्या स्नायूला ती घट्ट धरून होती. आता बेंबीजवळही दुसरी, लहान गाठ जाणवत होती. सुईने घेतलेल्या नमुन्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा निघाला. कर्करोग नेमका कुठला हे शोधताना कोणीतरी विचारले की पित्ताशयाचा अहवाल काय होता, आणि तेव्हा मुलगा प्रयोगशाळेत जाऊन तो घेऊन आला.

सीटी स्कॅनमध्ये पोटाच्या भिंतीतील दोन गाठींखेरीज यकृतात पित्ताशयाच्या तळाशी, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या खंडांच्या सीमेवर, एक डाग दिसला आणि महाधमनी व महाशिरेच्या मधली लसीका ग्रंथी दीड सेंटिमीटरपर्यंत वाढलेली होती. वपेवर बारीक दाणे असावेत अशी शंका होती. अशा लांबच्या ग्रंथीतील प्रसार हा शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा मानला जात नाही. वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांच्या संयुक्त बैठकीत शस्त्रक्रिया न करता केमोथेरपी देण्याचा निर्णय झाला.

उपचार

जेमसिटाबिन आणि सिस्प्लाटिन ही जोडी निवडण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबीसी-०२ या ब्रिटिश चाचणीत पित्तमार्गाच्या कर्करोगाच्या ४१० रुग्णांमध्ये केवळ जेमसिटाबिनवर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) ८.१ महिने, तर या जोडीवर ११.७ महिने आढळले होते. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील चाचणी प्रसिद्ध झाली. ती फक्त पित्ताशयाच्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या ८१ रुग्णांवरची होती, म्हणून आपल्यासाठी अधिक जवळची. तीत जेमसिटाबिन व ऑक्झालीप्लाटिन घेणाऱ्यांना मध्यक साडेनऊ महिने मिळाले, तर केवळ आधारभूत उपचार घेणाऱ्यांना साडेचार. २०२२ पासून या जोडीला डुर्व्हालुमॅब या रोगप्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाची साथ देता येते. त्याने काही रुग्णांना दीर्घकाळ लाभ होतो, पण मध्यकात पडणारी भर महिना-दीड महिन्याची आहे आणि किंमत या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. गाठीच्या नमुन्यावर एचईआर-२ या प्रथिनाची तपासणीही केली. ती सकारात्मक आली असती तर वेगळा मार्ग मोकळा झाला असता, पण आली नाही.

तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसल्या. सहाव्या महिन्यात पोटात पाणी साठू लागले. छातीखालच्या गाठीवरची त्वचा फुटून तीतून रक्त येऊ लागले तेव्हा तेवढ्यापुरती रेडिएशन दिली आणि रक्तस्राव थांबला. मलमपट्टी घरी करायला सुनेला शिकवण्यात आले, दुर्गंधीसाठी मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर टाकण्यास सांगितले. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सतराव्या महिन्यात रुग्णाचा मृत्यू झाला.

पेशी छेदापर्यंत कशा पोचतात

छेदाच्या जागी कर्करोग उगवण्याची पहिली नोंद पित्ताशयाची नाहीच. १९७८ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाने पोटात पाणी झालेल्या रुग्णाची निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी झाली, तेव्हाच्या छेदात ती आढळली होती. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील बोब्लिंगेन येथे एरिश म्यूहे यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केली, भारतात ती १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहम्टन उदवाडिया यांनी आणली, आणि १९९१ पर्यंत पित्ताशयाच्या कर्करोगाची छेदातील लागण फ्रान्समधून नोंदवली गेलेली होती. म्हणजे तंत्र आणि त्याची ही गुंतागुंत जवळपास एकत्रच जगभर गेले.

पहिला संशय वायूवर गेला. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमुळे पेशी तरंगतात, नळ्यांच्या कडेने वायू गळताना त्याच्यासोबत छेदात जाऊन बसतात, असा तर्क होता आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांनी त्याला दुजोराही दिला. नव्वदच्या दशकात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी दुर्बीण वापरणाऱ्यांना याच भीतीने रोखून धरले होते. पण २००४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या यादृच्छिक चाचणीत जखमेतील पुनरुद्भव दुर्बिणीच्या आणि उघड्या, दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी निघाला. दुर्बिणीची शस्त्रक्रिया आतड्याची असो वा पित्ताशयाची, वायू तोच, दाब तोच. मग पित्ताशयातच एवढी लागण का? उत्तर पित्ताशयाच्या रचनेत आणि आपण ते ज्या रीतीने काढतो त्यात आहे, आणि हा भाग सविस्तर समजून घेण्यासारखा आहे.

पित्ताशयाची भिंत पातळ असते. आतड्यात अस्तराखाली जो वेगळा थर असतो तो इथे नसतो. अस्तर, मग स्नायूचा एक विरळ थर, मग संयोजी ऊती. पोटाच्या पोकळीकडच्या बाजूला त्यावर सीरोसाचे आवरण असते. यकृताकडच्या बाजूला तेही नसते, संयोजी ऊती सरळ यकृताला भिडलेली असते. खड्यांसाठी पित्ताशय काढताना सर्जन याच संयोजी ऊतीतून वाट काढतो, कारण तिथे रक्तस्राव कमी होतो आणि यकृत सुरक्षित राहते. पण टी-२ अवस्थेचा कर्करोग व्याख्येनुसार त्याच थरात पोचलेला असतो. गाठ यकृताकडच्या बाजूला असेल, तर पित्ताशय न फाटताही सर्जनचे उपकरण गाठीच्या आत किंवा अगदी लगतून जाते. ही बाजू इतकी महत्त्वाची आहे की कर्करोगाच्या अवस्था ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत टी-२ चे दोन भाग केले गेले आणि यकृताकडच्या बाजूला वाईट मानले गेले. त्यात भर म्हणजे पित्त हा द्रव आहे आणि गाठीवरून सुटलेल्या पेशी त्यात तरंगत असतात. मोठ्या आतड्याची गाठ न चिरता, मागेपुढे निरोगी आतड्याचा भाग घेऊन निघते; पित्ताशय मात्र खड्यांचेच आहे या समजुतीने पकडले, खेचले, फाडले आणि पिळून काढले जाते.

या स्पष्टीकरणाला आकड्यांचा आधार आहे. २०१७ मधील एका पद्धतशीर आढाव्यानुसार, शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षितपणे सापडलेल्या पित्ताशयाच्या कर्करोगात छेदातील लागण २००० पूर्वी १८.६ टक्के होती, ती नंतर १०.३ टक्क्यांवर आली. आणि ज्या छेदातून पित्ताशय बाहेर काढले त्याला इतर छेदांपेक्षा धोका जास्त होता. या रुग्णाची मोठी गाठ नेमकी त्याच छेदात होती. बेंबीतील लहान गाठीबद्दल मात्र मी तेवढे खात्रीने बोलणार नाही. पोटातील कर्करोग बेंबीत उतरतो हे दुर्बिणीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मेयो यांच्या मदतनीस असलेल्या सिस्टर मेरी जोसेफ यांनी शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा धुताना ते हेरले होते, आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी त्या गाठीला त्यांचे नाव दिले. तिथे भोक पाडलेले नव्हते, तरी रोग पोचलाच होता.

छेद कापून काढावेत का

पूर्वी सल्ला सरळ होता : अनपेक्षित कर्करोग सापडला की दुसऱ्या शस्त्रक्रियेत सगळे छेद पूर्ण जाडीसह कापून काढावेत. तर्क पटण्याजोगा आहे आणि नातेवाइकांना तो फार दिलासा देतो. पुरावा त्याच्या बाजूने उभा राहिला नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील २०१२ च्या अभ्यासात छेद काढलेल्या ६९ रुग्णांपैकी १३ जणांच्या छेदात कर्करोग निघाला, सर्व टी-२ किंवा टी-३ अवस्थेचे. त्यांच्यात पोटाच्या अस्तरावरील प्रसार लक्षणीयरीत्या जास्त होता आणि छेद काढल्याने आयुर्मान वाढले नाही. पुढच्या वर्षी फ्रान्समधील बहुकेंद्री अभ्यासात ५४ रुग्णांचे छेद काढले गेले, लागण एकाच रुग्णात सापडली, आणि आठ टक्के रुग्णांना त्या जागी हर्निया झाला. आज नियमितपणे छेद काढण्याची शिफारस केली जात नाही.

छेदातील गाठ ही पोटाच्या आत काय झाले आहे याची बाहेर दिसणारी खूण असते. खूण पुसल्याने आतली परिस्थिती बदलत नाही. याला एक अपवाद मी मान्य करतो. गाठ एकटीच असेल, उशिरा उगवली असेल, काही महिने केमोथेरपी देऊनही दुसरीकडे काहीही नवे दिसले नसेल, आणि दुर्बिणीतून पोट तपासल्यावर अस्तर स्वच्छ असेल, तर ती काढणे समर्थनीय ठरते. असे निवडक रुग्ण दीर्घकाळ जगल्याच्या नोंदी आहेत. या रुग्णात दोन गाठी, लांबची ग्रंथी आणि यकृतातला डाग एकाच वेळी सापडले होते, त्यामुळे तो विचार बैठकीत आला आणि लगेच मागे पडला.

संधी कुठे हुकली

पिशवी वापरली असती आणि पित्ताशय फाटले नसते, तर छेदातील गाठ कदाचित टळली असती. यकृतातला डाग आणि ग्रंथी टळल्या असत्या असे मात्र म्हणता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेतल्या दोषांपेक्षा मी नवव्या दिवशीच्या अहवालाला अधिक वजन देतो. त्या दिवशी रोग टी-२ होता आणि पुढचा मार्ग ठरलेला होता : छाती व पोटाचा सीटी स्कॅन, आधी दुर्बिणीतून पोटाच्या अस्तराची पाहणी, मग यकृताचा पित्ताशयाखालचा भाग आणि यकृताच्या दाराशी असलेल्या लसीका ग्रंथी काढणे, ग्रंथी निदान सहा तरी मिळतील अशा रीतीने. २००७ च्या एका बहुकेंद्री अभ्यासात टी-२ च्या निम्म्याहून अधिक रुग्णांत या दुसऱ्या शस्त्रक्रियेत शिल्लक रोग सापडला होता, म्हणजे पहिली शस्त्रक्रिया पुरेशी होती असे समजून थांबणे किती महागात पडते ते दिसते. वेळेचेही गणित आहे. २०१७ च्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चार ते आठ आठवड्यांत पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान ४०.४ महिने होते. त्याआधी झालेल्यांचे १७.४ आणि नंतर झालेल्यांचे २२.४. फार घाई केल्यास दाहाने चिकटलेल्या ऊतीत रोग ओळखता येत नाही आणि लपलेला प्रसार उघड व्हायला वेळ मिळत नाही; फार उशीर केल्यास काय होते ते वर आलेच आहे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याला २०१९ च्या बिलकॅप चाचणीचा आधार आहे. या रुग्णाला यांतले काहीच मिळाले नाही, आणि त्याचे कारण वैद्यकीय ज्ञानाचा अभाव हे नव्हते.

नेदरलँड्समध्ये हा कर्करोग इतका विरळ आहे की सर्जनने पित्ताशय उघडून नीट पाहिल्यावर संशय असेल तरच ते पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावे, अशी पद्धत तिथे अभ्यासली गेली आणि सुरक्षित ठरवली गेली. आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी तिचा दाखला दिला जातो तेव्हा दोन गोष्टी विसरल्या जातात : तिथे पित्ताशय खरोखर उघडून पाहिले जाते, आणि तिथले रुग्ण गंगेकाठचे नसतात. मुंबई, ठाणे, भिवंडी, पुणे इथल्या शस्त्रक्रियागृहांत येणाऱ्या लोकसंख्येचा विचार करता प्रत्येक पित्ताशय तपासणीला जायलाच हवे. टेबलावरच ते उभे चिरून, धुऊन, अस्तरावरून बोट फिरवून पाहायला दोन मिनिटे लागतात. जाड, पांढरट, कडक भाग लागला तर तो दोऱ्याने खूण करून, यकृताकडची बाजू कोणती हे अर्जावर लिहून पाठवावा. शस्त्रक्रिया सुरू असतानाच कर्करोगाचा दाट संशय आला आणि यकृताचा भाग काढण्याची तयारी नसेल, तर पित्ताशयाला हात न लावता, तुकडाही न घेता बाहेर येऊन रुग्णाला योग्य केंद्राकडे पाठवणे हा कमीपणा नाही.

उरतो तो अहवालाचा प्रवास. बाटली नातेवाइकांच्या हाती देण्याची वेळ लहान रुग्णालयांत येणारच. पण अहवाल आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही. अर्जावर सर्जनचा मोबाइल क्रमांक असावा आणि कर्करोग निघाल्यास पॅथॉलॉजिस्टने त्याच दिवशी स्वतः फोन करावा, एवढे दोघांनी आपसात ठरवले तरी पुरते. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत पाठवलेल्या प्रत्येक नमुन्यासमोर एक रकाना अहवाल मिळाल्याच्या तारखेसाठी ठेवावा, दर आठवड्याला रिकामे रकाने पाहिले जावेत, आणि टाके काढण्याच्या भेटीत तो अहवाल समोर असल्याशिवाय रुग्णाचा कागद बंद करू नये. टी-१ए, म्हणजे अस्तराच्या लगतच्या थरापुरताच मर्यादित कर्करोग निघाला आणि पित्ताशय अखंड निघाले असेल, तर त्याच भेटीत रुग्णाला हेही सांगता येते की झालेली शस्त्रक्रिया पुरेशी आहे आणि आता फक्त नियमित तपासणीला यायचे आहे.